ज्याँ-बातिस्त बियो

ज्याँ-बातिस्त बियो (२१ एप्रिल १७७४, पॅरिस – ३ फेब्रुवारी १८६२, पॅरिस) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ, खगोलशास्त्रज्ञ आणि गणितज्ञ होते. टर्पेंटाइन, लिंबाचे तेल, कापूर आणि साखर यांसारखे सेंद्रिय पदार्थ ध्रुवित प्रकाशाचे प्रतल ठरावीक कोनातून फिरवतात, हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध मानला जातो. या फिरण्याला प्रकाशीय वलन म्हणतात. वलनाचा कोन मोजून द्रावणातील पदार्थाचे प्रमाण काढण्याचा नियमही त्यांनीच घालून दिला. रेणूंमध्ये डावे-उजवेपण (कायरॅलिटी) असते, या पुढे सिद्ध झालेल्या कल्पनेचा प्रायोगिक पाया त्यांच्या मोजमापांनी घातला.

विद्युतप्रवाहाभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राविषयीचा बियो-सावार नियम, उल्कापाषाण आकाशातून पडतात याचा निर्णायक पुरावा आणि शास्त्रीय निरीक्षणांसाठी केलेले बलून-उड्डाण ही त्यांची इतर प्रसिद्ध कामे होत. उसाच्या रसातील साखर मोजण्यासाठी महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांत रोज वापरली जाणारी पोलॅरिमीटरची पद्धत त्यांच्याच नियमावर आधारलेली आहे.

पूर्वायुष्य

बियो यांचे घराणे मूळचे लोरेन प्रांतातील शेतकऱ्यांचे होते. त्यांचे वडील जोसेफ बियो पॅरिसमध्ये सरकारी तिजोरी खात्यात नोकरीस होते. बियो यांचे शालेय शिक्षण पॅरिसमधील लुई-ल-ग्रां या विद्यालयात झाले. मुलाने व्यापारात पडावे अशी वडिलांची इच्छा असल्याने त्यांना ल आव्र बंदरातील एका व्यापाऱ्याकडे पाठवण्यात आले. तेथील पत्रांच्या नकला करण्याच्या कामाला कंटाळून त्यांनी १७९२ मध्ये फ्रेंच सैन्याच्या तोफखान्यात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवले. १७९३ च्या हाँडस्कोट येथील लढाईत ते सहभागी होते. त्यानंतर आजारपणामुळे त्यांनी सैन्य सोडले.

१७९४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या एकोल पॉलितेक्निक या संस्थेच्या पहिल्याच तुकडीत त्यांना प्रवेश मिळाला. तेथे गणितज्ञ गास्पार मोंज यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. ऑक्टोबर १७९५ मध्ये पॅरिसमध्ये राजेशाहीच्या बाजूने झालेल्या उठावात बियो सामील झाले आणि पकडले गेले. मोंज यांनी मध्यस्थी करून त्यांची सुटका करवली. १७९७ मध्ये बोव्हे येथील शाळेत गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह गाब्रिएल ब्रिसाँ यांच्याशी झाला. गाब्रिएल यांना जर्मन भाषा चांगली अवगत होती. फिशर यांच्या भौतिकशास्त्रावरील जर्मन पाठ्यपुस्तकाचे फ्रेंच भाषांतर त्यांनी केले आणि बियो यांनी त्याला टिपा जोडल्या.

लाप्लास यांचा सहवास

बोव्हे येथे असताना बियो यांनी त्या काळचे श्रेष्ठ गणितज्ञ पिएर-सिमाँ लाप्लास यांना पत्र लिहून त्यांच्या खगोलीय यामिकीवरील ग्रंथाची मुद्रिते तपासण्याची परवानगी मागितली. या कामामुळे दोघांचा निकट परिचय झाला.

याच काळात बियो यांनी एका अवघड प्रकारच्या समीकरणांची उकल शोधून काढली. लाप्लास यांनी ती पाहून प्रशंसा केली आणि विज्ञान संस्थेपुढे ती वाचण्यास त्यांना प्रोत्साहन दिले. वाचन झाल्यावर लाप्लास यांनी बियो यांना घरी नेऊन कपाटातील एक जुना, पिवळा पडलेला कागद दाखवला. तीच उकल लाप्लास यांनी काही वर्षांपूर्वी स्वतः काढून ठेवलेली होती. तरुण संशोधकाचे श्रेय कमी होऊ नये म्हणून वाचन पूर्ण होईपर्यंत त्यांनी हे उघड केले नव्हते, आणि नंतरही ते कोणाला सांगू नये अशी अट घातली. बियो यांनी ही हकिकत सुमारे अर्धशतकानंतर, १८५० मध्ये, जाहीर केली.

१८०० मध्ये बियो कोलेज द फ्रान्समध्ये गणितीय भौतिकीचे प्राध्यापक झाले. १८०३ मध्ये ते फ्रान्सच्या विज्ञान संस्थेचे सदस्य म्हणून निवडले गेले.

उल्का, बलून आणि रेखावृत्त

२६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतील लेगल या गावाच्या परिसरात सुमारे ३,००० दगड आकाशातून पडले. दगड आकाशातून पडतात ही गोष्ट त्या वेळी अनेक विद्वान खेडुतांची कल्पना मानत असत. सरकारने चौकशीसाठी बियो यांना पाठवले. त्यांनी गावोगाव फिरून साक्षी नोंदवल्या, दगड पडलेल्या लंबवर्तुळाकार प्रदेशाचा नकाशा तयार केला आणि त्या भागात तशा प्रकारचा खडक किंवा तसे दगड निर्माण करू शकेल असा कारखाना नाही, हेही पडताळून पाहिले. त्यांच्या अहवालानंतर उल्कापाषाणांचा उगम पृथ्वीबाहेर आहे, या मताला सर्वसाधारण मान्यता मिळाली.

२४ ऑगस्ट १८०४ रोजी बियो आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ-लुई गे-ल्युसाक यांनी पॅरिसमधून बलूनने उड्डाण केले. सुमारे ४,००० मीटर उंचीपर्यंत जाऊन त्यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे घेतली. त्या उंचीपर्यंत चुंबकत्वात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले.

१८०६ मध्ये बियो आणि तरुण खगोलशास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांना रेखावृत्ताचे मोजमाप पूर्ण करण्यासाठी स्पेनमध्ये पाठवण्यात आले. बियो आधी परतले. मागे राहिलेले आरागो स्पेनमधील युद्धात अडकले आणि कैद, पलायन व सागरी संकटे सोसून १८०९ मध्ये फ्रान्समध्ये पोहोचले. पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी लंबकाची मोजमापे घेण्याकरिता बियो १८१७ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरही गेले होते.

बियो-सावार नियम

विद्युतप्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते, हा हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांचा शोध १८२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही महिन्यांतच बियो आणि फेलिक्स सावार यांनी सरळ तारेतील प्रवाहाचा चुंबकावरील परिणाम अंतरानुसार कसा बदलतो, याची काटेकोर मोजणी केली. लांब सरळ तारेच्या बाबतीत हा परिणाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. या कामातून आलेला नियम विद्युतचुंबकीच्या पाठ्यपुस्तकांत दोघांच्या नावाने शिकवला जातो.

प्रकाशीय वलनाचा शोध

प्रकाशाच्या साध्या किरणात कंपने किरणाच्या दिशेला लंब अशा सर्व दिशांनी होत असतात. ही कंपने एकाच प्रतलात उरली की तो प्रकाश प्रतल-ध्रुवित झाला असे म्हणतात. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो, हे एत्येन-लुई मालुस यांना १८०८ मध्ये आढळले. १८११ मध्ये आरागो यांनी क्वार्ट्‌झच्या विशिष्ट दिशेने कापलेल्या चकत्यांतून असा प्रकाश पाठवला, तेव्हा त्याच्या ध्रुवणात बदल होऊन रंग दिसू लागले.

बियो यांनी हा विषय हाती घेऊन त्याला मोजमापाचे रूप दिले. क्वार्ट्‌झची चकती जितकी जाड, तितका ध्रुवण-प्रतलाचा वलन-कोन मोठा, हे त्यांनी दाखवले. काही क्वार्ट्‌झ स्फटिक हे प्रतल उजवीकडे फिरवतात आणि काही तितक्याच कोनातून डावीकडे, असेही त्यांना आढळले. तांबड्या प्रकाशापेक्षा जांभळ्या प्रकाशाचे वलन जास्त होते. वलन-कोन तरंगलांबीच्या वर्गाच्या साधारणपणे व्यस्त प्रमाणात असतो, हा संबंधही त्यांनी मांडला.

१८१५ मध्ये त्यांनी टर्पेंटाइनने भरलेल्या नळीतून ध्रुवित प्रकाश पाठवला, तेव्हा या द्रवानेही प्रकाशाचे प्रतल फिरवले. लिंबाचे तेल, अल्कोहोलमध्ये विरघळवलेला कापूर आणि पाण्यात विरघळवलेली साखर यांच्या बाबतीतही हाच अनुभव आला. या निष्कर्षाचे महत्त्व मोठे होते. क्वार्ट्‌झचा गुण त्याच्या स्फटिकरचनेतून येतो. क्वार्ट्‌झ वितळवल्यास तो गुण नाहीसा होतो. द्रवात मात्र कोणतीही ठरावीक मांडणी नसते आणि रेणू सर्व दिशांनी विखुरलेले असतात. तरीही प्रकाशाचे प्रतल फिरत असेल, तर फिरवण्याचा गुण प्रत्येक रेणूतच असला पाहिजे, असे अनुमान बियो यांनी काढले.

हे अनुमान पडताळण्यासाठी त्यांनी टर्पेंटाइनची वाफ सुमारे ३० मीटर लांबीच्या नळीतून नेली. वाफेतही वलन दिसले, परंतु मोजणी पूर्ण होण्याआधीच वाफेने पेट घेतला आणि उपकरण नष्ट झाले. हा प्रयोग १८६४ मध्ये, बियो यांच्या मृत्यूनंतर, देझिरे गेर्नेझ यांनी यशस्वीपणे पूर्ण केला.

आरागो आणि फ्रेनेल यांच्याशी मतभेद

ध्रुवित प्रकाशातील रंगांचे संशोधन आरागो यांनी सुरू केले होते. बियो यांनी त्याच विषयावर भराभर निबंध सादर केल्यामुळे आपल्या क्षेत्रात अतिक्रमण झाले, असे आरागो यांना वाटले. स्पेनमधील मोहिमेचे सोबती असलेल्या या दोघांत त्यानंतर कायमचे वितुष्ट आले.

पुढे हा वाद प्रकाशाच्या स्वरूपापर्यंत पोहोचला. लाप्लास यांच्याप्रमाणे बियो प्रकाश कणांचा बनलेला आहे असे मानत. ध्रुवणाचे स्पष्टीकरण देण्यासाठी त्यांनी प्रकाशकणांच्या आंदोलनांवर आधारलेला एक गुंतागुंतीचा सिद्धांत रचला होता. ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी तरंगसिद्धांताच्या आधारे तीच निरीक्षणे अधिक सोप्या रीतीने उलगडून दाखवली, आणि आरागो यांनी फ्रेनेल यांची बाजू घेतली. प्रकाशीय वलनाचा अर्थही फ्रेनेल यांनीच लावला. प्रतल-ध्रुवित प्रकाश हा डावीकडे व उजवीकडे फिरणाऱ्या दोन वर्तुळाकार ध्रुवित तरंगांचा मिलाफ असतो. वलन घडवणाऱ्या पदार्थात हे दोन तरंग वेगवेगळ्या वेगांनी जातात आणि बाहेर पडून पुन्हा एकत्र येतात, तेव्हा मूळचे प्रतल वळलेले असते.

वैज्ञानिक जगताने हळूहळू तरंगसिद्धांत स्वीकारला. बियो यांनी आपले मत सोडले नाही. १८२२ मध्ये विज्ञान अकादमीच्या कायम सचिवपदाच्या निवडणुकीत जोसेफ फूरिए यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. त्यानंतर काही वर्षे ते अकादमीच्या कामापासून बरेच दूर राहिले. त्यांचा सिद्धांत मागे पडला, मात्र त्यांनी घेतलेली मोजमापे अचूक ठरली. फ्रेनेल यांचे स्पष्टीकरणही त्याच मोजमापांना लागू पडणारे होते.

बियो यांचा नियम आणि साखरेचे मापन

१८३२ च्या सुमारास बियो पुन्हा प्रकाशीय वलनाकडे वळले. वलन-कोन तीन गोष्टींवर अवलंबून असतो, असे त्यांनी निश्चित केले: नळीची लांबी, द्रावणाची संहती आणि पदार्थाचा स्वतःचा स्थिरांक. या स्थिरांकाला विशिष्ट वलन म्हणतात. पहिल्या दोन राशींबरोबर कोन समप्रमाणात वाढतो. प्रकाशाचा रंग आणि तापमान मात्र ठरावीक ठेवावे लागतात.

उसाच्या साखरेचे म्हणजे सुक्रोजचे विशिष्ट वलन सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात सुमारे +६६.५ अंश असते. १०० मिलिलिटर द्रावणात १० ग्रॅम साखर असेल आणि नळी २० सेंटिमीटर लांब असेल, तर प्रतल सुमारे १३.३ अंशांनी उजवीकडे फिरते. साखर दुप्पट केली की कोनही दुप्पट होतो. त्यामुळे कोन वाचून साखरेचे प्रमाण सांगता येते. यासाठी द्रावण आटवावे लागत नाही आणि त्यातील साखरेवर कोणतीही रासायनिक क्रिया करावी लागत नाही.

साखरेच्या द्रावणात आम्ल घालून ते तापवल्यास उजवीकडील वलन कमी होत जाते आणि शेवटी डावीकडे जाते, हेही बियो यांनी नोंदवले. या क्रियेत सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे विघटन होते. ग्लुकोज उजवीकडे वलन करते, पण फ्रुक्टोजचे डावीकडील वलन त्याहून अधिक असते. वलनाची दिशा उलटते म्हणून या मिश्रणाला अपवृत्त शर्करा (इन्व्हर्ट शुगर) असे नाव मिळाले. स्टार्चपासून मिळणाऱ्या, उजवीकडे तीव्र वलन करणाऱ्या एका पदार्थाला बियो आणि परसोझ यांनी १८३३ मध्ये डेक्स्ट्रिन हे नाव दिले.

बियो यांच्या उपकरणात प्रकाश ध्रुवित करण्यासाठी काळ्या काचेचा आरसा आणि तो पारखण्यासाठी कॅल्साइटचा लोलक असे. विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये तयार केलेल्या लोलकामुळे पुढील पोलॅरिमीटर अधिक सुटसुटीत झाले. १८४० च्या दशकात खास साखरेसाठी बनवलेली उपकरणे (सॅकॅरिमीटर) तयार होऊ लागली, आणि बीट व ऊस यांवर चालणाऱ्या कारखान्यांत तसेच साखरेच्या व्यापारात ती रूढ झाली.

पाश्चर यांच्या प्रयोगाची परीक्षा

द्राक्षांच्या मद्याच्या पिंपांत साचणारे टार्टरिक आम्ल ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवते. त्याच रासायनिक घटकांचे, पण वलन अजिबात न दाखवणारे पॅराटार्टरिक (रेसेमिक) आम्लही त्या काळी ठाऊक होते. दोन्हींचे संघटन सारखे असताना प्रकाशावरील परिणाम वेगळा का, हे कोडे कोणालाही सुटले नव्हते. बियो यांनी स्वतः या आम्लांवर अनेक वर्षे काम केले होते.

१८४८ मध्ये २५ वर्षांच्या लुई पाश्चर यांना रेसेमिक आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक दोन प्रकारचे असल्याचे आढळले. एका प्रकारात लहान पैलू उजव्या बाजूस आणि दुसऱ्यात डाव्या बाजूस होते. हे दोन प्रकार आरशातील प्रतिबिंबासारखे होते. पाश्चर यांनी ते हाताने वेगळे केले. एकाचे द्रावण प्रतल उजवीकडे व दुसऱ्याचे तितक्याच कोनातून डावीकडे फिरवत होते, आणि दोन्ही समप्रमाणात मिसळल्यास वलन शून्य होत होते.

हा शोध अकादमीपुढे मांडण्याआधी त्याची परीक्षा घेण्याचे काम ७४ वर्षांच्या बियो यांच्याकडे आले. त्यांना या निष्कर्षाविषयी शंका होती. त्यांनी पाश्चर यांना कोलेज द फ्रान्समध्ये बोलावले आणि वलन शून्य असल्याची आधीच खात्री करून घेतलेले रेसेमिक आम्ल स्वतःजवळचे दिले. सोडा आणि अमोनियाही त्यांनीच पुरवला. द्रावण त्यांच्याच दालनात ठेवून सावकाश स्फटिक होऊ दिले. पुरेसे स्फटिक जमल्यावर पाश्चर यांनी ते त्यांच्यासमोर वेगळे करून डावे कोणते व उजवे कोणते हे सांगितले. पुढची द्रावणे बियो यांनी स्वतः तयार केली आणि ज्याचे वलन डावीकडे होईल असे सांगितले होते, ते द्रावण प्रथम उपकरणात ठेवले. पाहताक्षणीच त्यांना वलन डावीकडे झालेले दिसले. ते अतिशय भारावून गेले. त्यांनी पाश्चर यांचा हात धरून आपला आनंद व्यक्त केला.

द्रवाचे वलन रेणूतूनच आले पाहिजे, असे बियो १८१५ पासून सांगत आले होते. पाश्चर यांच्या प्रयोगामुळे त्याचे कारण रेणूच्या डाव्या-उजव्या घडणीत असल्याचे दिसून आले. एकेकाळी लाप्लास यांनी बियो यांना जसा आधार दिला, तसाच आधार बियो यांनी पाश्चर यांना दिला. अकादमीत त्यांनी या शोधाची शिफारस केली, आणि पुढे अखेरपर्यंत पाश्चर यांच्या कामाचा पाठपुरावा केला. १८७४ मध्ये वान्ट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बन अणूच्या चतुष्फलकीय बंधांवरून या डाव्या-उजवेपणाचा रचनात्मक खुलासा स्वतंत्रपणे मांडला.

भारतीय ज्योतिषाचा अभ्यास आणि अखेरची वर्षे

बियो यांचे पुत्र एदुआर बियो हे चिनी भाषा व इतिहासाचे अभ्यासक होते. १८५० मध्ये त्यांचे निधन झाले. एका प्राचीन चिनी ग्रंथाचे त्यांनी केलेले भाषांतर अपूर्ण राहिले होते. ७६ वर्षांच्या बियो यांनी ते छापून पूर्ण करवले.

त्यानंतर बियो यांनी भारतीय व चिनी खगोलशास्त्रावर सविस्तर लेखन केले, आणि ते १८६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. भारतीय नक्षत्रपद्धती चिनी पद्धतीवरून घेतली असावी, असे त्यांचे मत होते. आल्ब्रेख्त वेबर आणि विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्यासारख्या संस्कृत पंडितांनी त्यावर आक्षेप घेतले. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या मराठी ग्रंथात (१८९६) वैदिक वाङ्मयातील पुराव्यांच्या आधारे नक्षत्रपद्धती भारतीयच असल्याचे प्रतिपादन केले.

३ फेब्रुवारी १८६२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, पॅरिस येथे बियो यांचे निधन झाले.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील साखर उद्योगात उपयोग

कृष्णा खोऱ्यातील सातारा आणि सांगली हे जिल्हे महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात मोडतात. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखानदारी सुरू झाल्यानंतर ती या भागातही रुजली. सातारा जिल्ह्यात रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, यशवंतनगर येथील सह्याद्री, भुईंज येथील किसन वीर आणि शेंद्रे येथील अजिंक्यतारा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सांगली जिल्ह्यात सांगली शहरातील वसंतदादा पाटील यांच्या नावाचा कारखाना, साखराळे येथील राजारामबापू पाटील कारखाना आणि कुंडल येथील क्रांती कारखाना ही त्याची उदाहरणे आहेत.

गाळप हंगामात कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस, पाक, बगॅस, प्रेसमड आणि मळी यांचे नमुने नियमित तपासले जातात. रसातील विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण ब्रिक्सने, तर त्यातील साखरेचे प्रमाण पोलॅरिमीटरने काढतात. या दुसऱ्या वाचनाला पोल म्हणतात. पोल भागिले ब्रिक्स यावरून रसाची शुद्धता ठरते. ब्रिक्स २० आणि पोल १८ असेल, तर शुद्धता ९० टक्के होते. नमुना गढूळ असेल तर प्रकाश पार जात नाही. म्हणून तो पूर्वापार लेड ॲसिटेटने निवळून व गाळून घेतात. शिसे विषारी असल्याने त्याला पर्याय असलेली निवळके आणि अवरक्त प्रकाशावर चालणारी उपकरणेही आता उपलब्ध आहेत. आंतरराष्ट्रीय साखर मापनश्रेणीत १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर आणि २० सेंटिमीटर लांब नळी असताना येणारे वाचन १०० मानले जाते.

प्रत्यक्ष साखर उतारा हा गाळलेल्या उसाच्या वजनातून किती साखर तयार झाली यावरून काढला जातो. उसातून किती साखर आत आली आणि बगॅस, प्रेसमड व मळी यांतून किती वाया गेली, याचा ताळेबंद मात्र पोलच्या आकड्यांवर उभा असतो. उताऱ्याशी ऊसदराचा थेट संबंध आहे. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला प्रति क्विंटल ३४० रुपये रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) ठरवला, आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यासाठी ३.३२ रुपये वाढ दिली. म्हणजे त्या हंगामात उताऱ्यात ०.१ टक्क्याचा फरक पडला, तर उसाच्या टनामागे सुमारे ३३ रुपयांचा फरक पडत होता. या कारणाने उताऱ्याच्या अचूक नोंदीला शेतकरी आणि कारखाना या दोघांच्या दृष्टीने महत्त्व आहे.

तोडल्यानंतर ऊस वेळेत गाळला गेला नाही, तर त्यातील सुक्रोजचे विघटन होऊन पोल घटतो. ही बियो यांनी नोंदवलेली अपवृत्तीचीच क्रिया होय. शिळ्या उसात जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान नावाचा पदार्थही तयार होतो. तो उजवीकडे तीव्र वलन करतो, त्यामुळे साखर कमी झालेली असतानाही पोल प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसू शकतो. पोल म्हणजे नमुन्यातील सर्व वलनकारी पदार्थांच्या परिणामांची बेरीज असते. इतर पदार्थ नगण्य असतील, तेव्हाच तो सुक्रोजच्या प्रमाणाशी जुळतो.

सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ मध्ये स्थापन झालेले ऊस संशोधन केंद्र महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. को ८६०३२ (नीरा) आणि फुले २६५ यांसारख्या वाणांच्या महाराष्ट्रातील प्रसाराशी या केंद्राचे नाव जोडलेले आहे. नव्या वाणाची निवड करताना टनेजबरोबर रसातील सुक्रोजचे प्रमाणही पाहिले जाते. उभ्या पिकातला ऊस तोडणीस पक्व झाला की नाही, हे ठरवतानाही रसाचे ब्रिक्स व पोल उपयोगी पडतात.

वैद्यक आणि ऊतींच्या अभ्यासात उपयोग

मधुमेही रुग्णाच्या लघवीतील साखर ध्रुवित प्रकाशाने मोजता येते, हे बियो यांनी दाखवून दिले होते. ग्लुकोजचे विशिष्ट वलन सुमारे +५२.७ अंश आहे. १०० मिलिलिटर लघवीत ५ ग्रॅम ग्लुकोज असेल, तर २० सेंटिमीटरच्या नळीत सुमारे ५ अंश वलन मिळते. एकोणिसाव्या शतकात रुग्णालयांत ही पद्धत वापरली जात असे.

शरीरातील ऊतींच्या आरपार अशी मोजणी करणे बरेच अवघड आहे. १०० मिलिलिटर द्रवात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असताना १ सेंटिमीटर अंतरात होणारे वलन सुमारे ०.००५ अंश एवढेच असते. त्यातच ऊतींमध्ये प्रकाश विखुरतो आणि त्याचे ध्रुवण कमी होते. कोलॅजनसारखे तंतू द्विप्रणमन घडवतात, म्हणजे कंपनाच्या दिशेनुसार प्रकाशाचा वेग बदलतो. या परिणामांतून डाव्या-उजवेपणाचा भाग वेगळा काढण्यासाठी ध्रुवणाच्या अनेक अवस्थांत प्रकाश पाठवून गणिती विश्लेषण करावे लागते. टोचल्याशिवाय साखर मोजता यावी म्हणून डोळ्याच्या पुढील भागातील पारदर्शक द्रवावरही याच तत्त्वाने संशोधन झाले आहे.

डाव्या व उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातील फरक एमे कॉटन यांनी १८९५ मध्ये शोधला. या वर्तुळाकार द्विवर्णतेवरून प्रथिनांमधील सर्पिल व इतर रचनांचा अंदाज घेता येतो. औषधनिर्मितीत डाव्या व उजव्या रेणूंचे शरीरावरील परिणाम भिन्न असू शकतात. त्यामुळे औषधसंहितांमध्ये अनेक द्रव्यांची शुद्धता तपासताना विशिष्ट वलनाची कसोटी दिलेली असते.

सन्मान आणि स्मृती

बियो १८१५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्य झाले. १८४० मध्ये सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले, आणि १८५६ मध्ये तेच पदक पाश्चर यांना मिळाले. विज्ञान अकादमीबरोबरच १८४१ मध्ये कोरीव लेख व प्राच्यविद्येच्या अकादमीवर आणि १८५६ मध्ये फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली. बायोटाइट या अभ्रकाच्या खनिजाला १८४७ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ हाउसमान यांनी त्यांचे नाव दिले. चंद्रावरील एका विवरालाही बियो यांचे नाव आहे.